बुडीची नोंद कोणाच्या मालकीची?

सिंगापूरच्या पूर्व भागातलं पाया लेबार हे नाव एका पिढीला विमानतळामुळे माहीत होतं. १९५५ साली इथला आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि १९८१ मध्ये चांगी विमानतळ उघडेपर्यंत सिंगापूरची हवाई वाहतूक इथूनच चालली. आता तिथे हवाई दलाचा तळ आहे. नव्या पिढीचं पाया लेबार म्हणजे मेट्रोच्या दोन मार्गांची गाठ पडणारं स्टेशन आणि त्याच्या भोवतीची ऑफिसं, दुकानं, खाणावळी. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, युनॉस रोड ८ वर, लाइफलाँग लर्निंग इन्स्टिट्यूट आहे. नोकरदारांनी नवी कौशल्यं शिकावीत म्हणून उभारलेल्या या संस्थेत २०१८ आणि २०१९ साली ‘फॉसएशिया’ची परिषद भरली. फॉसएशिया ही २००९ साली व्हिएतनाममध्ये सुरू झालेली, आशियातल्या ओपन सोर्स मंडळींची संघटना. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सगळ्यांना वाचता यावा, बदलता यावा आणि पुढे वाटता यावा, हा या मंडळींचा आग्रह.

याच शहरात आणखी एक जमात आहे, ती म्हणजे शनिवार-रविवारी समुद्राखाली जाणाऱ्यांची. सिंगापूरचं स्वतःचं पाणी गढूळ. पुलाऊ हांटू बेटाजवळ किंवा २०१४ साली जाहीर झालेल्या सिस्टर्स आयलंड्स मरीन पार्कमध्ये चार-पाच हातांपलीकडचं दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. म्हणून बरेच जण शुक्रवारी रात्री बसने मलेशियातलं मर्सिंग गाठतात आणि तिथून बोटीने तिओमान बेटावर जातात. सिंगापूरच्या आयटी कंपन्यांमध्ये काम करणारी मराठी मुलंमुलीही या बसमध्ये असतात. त्यातली काही दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरी आली की मालवण-तारकर्लीला जाऊन तिथेही पाण्यात उतरतात.

या दोन जमातींना जोडणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्याचं नाव ‘सबसरफेस’. स्कुबा डायव्हिंगच्या नोंदी ठेवणारा हा ओपन सोर्स प्रोग्रॅम कसा जन्मला, तो आपल्या कॉम्प्युटरवर कसा बसवायचा, मुळापासून कसा बांधायचा आणि तेवढा खटाटोप कशासाठी करायचा, हे या प्रकरणात पाहू.

मनगटावरचं यंत्र काय लिहितं

पूर्वी डायव्हर बोटीवर परत आला की वहीत लिहायचा: तारीख, जागा, किती खोल, किती वेळ, सिलिंडरमध्ये सुरुवातीला किती हवा आणि शेवटी किती. खाली सोबत्याची सही. आजही प्रशिक्षणात अशी वही ठेवायला शिकवतात. पण खरी तपशीलवार नोंद आता मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो.

हे यंत्र खोली मोजत नाही, पाण्याचा दाब मोजतं. समुद्रात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक नावाचं पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे वीस मीटरवर येतो. तिथे उतरलेल्या डायव्हरवर वरच्या हवेचा एक आणि पाण्याचे दोन, असे मिळून तीन वातावरणांचा दाब असतो. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण तीन टक्के हलकं. त्यामुळे खाऱ्या पाण्यासाठी लावलेलं यंत्र धरणात किंवा खाणीच्या तळ्यात नेलं, तर तीस मीटरला ते जवळजवळ एक मीटर कमी दाखवतं. दाबावरून खोली काढण्याचं हे गणित नंतर दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी कच्ची नोंद हातात हवी.

यंत्र दर काही सेकंदांनी दाब टिपतं. दर दहा सेकंदांनी टिपलं तर पाऊण तासाच्या बुडीत २७० नोंदी होतात. त्याबरोबर पाण्याचं तापमान, आणि सिलिंडरला ट्रान्समीटर जोडलेला असेल तर हवेचा दाबही. या सगळ्या आकड्यांवरून ते सतत एकच हिशेब करतं: शरीरात किती नायट्रोजन मुरला आणि वर येताना तो सुखरूप बाहेर पडायला किती वेळ लागेल.

या हिशेबाचा पाया जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने घातला. ब्रिटिश नौदलाच्या डायव्हरांसाठी बोकडांवर आणि माणसांवर प्रयोग करून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली वर येण्याची कोष्टकं प्रसिद्ध केली. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने वायू शोषत नाहीत, हे त्यांचं मुख्य निरीक्षण. पातळ पोहे पाण्याचा हात लागताच भिजतात आणि जाड पोह्यांना वेळ लागतो, तसंच रक्त आणि मेंदू लवकर भरतात, चरबी आणि सांधे सावकाश. हॉल्डेनने शरीराचे असे पाच काल्पनिक कप्पे मानले. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी ते सोळापर्यंत नेले. नायट्रोजनने अर्धं भरायला त्यातल्या सर्वांत चपळ कप्प्याला चार-पाच मिनिटं पुरतात, सर्वांत मंद कप्प्याला ६३५ मिनिटं लागतात. आजचे अनेक डाइव्ह कॉम्प्युटर ब्यूलमान यांच्याच गणितावर किंवा त्याच्या भावंडांवर चालतात. वर येण्याची घाई केली तर विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. त्यातून सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं.

म्हणजे मनगटावरच्या यंत्रात साठलेली नोंद ही निव्वळ सहलीची आठवण नाही. काही बिनसलं तर डॉक्टर सर्वांत आधी तीच मागतील.

सर्व्हर बंद पडले म्हणून

अडचण अशी की यंत्रातली ही नोंद बाहेर काढायची किल्ली उत्पादकाकडे असते. फिनलंडची सुंटो, कॅनडाची शिअरवॉटर, इटलीची मारेस, प्रत्येकाची यंत्राशी बोलण्याची तऱ्हा निराळी. कंपनीचं सॉफ्टवेअर पूर्वी बहुतेकदा विंडोजवर चालणारं असायचं. कंपनीने ते बंद केलं किंवा नव्या विंडोजवर ते चालेनासं झालं, की दहा वर्षांच्या नोंदी असूनही नसल्यासारख्या. लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टम वापरणाऱ्याला तर कोणी विचारायलाच तयार नव्हतं.

लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्स स्वतः हौशी डायव्हर. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम जिथून चालतं त्या सर्व्हरांमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं आणि ते काही आठवडे बंद ठेवावे लागले. रोजचं काम थांबलं. लिनक्सवर धड चालणारं डाइव्ह लॉग सॉफ्टवेअर नाही ही टोरवाल्ड्सची जुनी तक्रार होती. सक्तीची सुट्टी मिळताच त्याने ते लिहायला घेतलं. २००५ साली गिट ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्थाही त्याने अशाच गरजेपोटी लिहिली होती. सबसरफेस त्याच घरातलं धाकटं भावंड.

यंत्रांशी बोलण्याचं सर्वांत किचकट काम त्याला नव्याने करावं लागलं नाही. येफ ड्रीसेन यांनी ‘लिबडाइव्हकॉम्प्युटर’ नावाची लायब्ररी आधीच उभी केली होती. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरावी अशी तयार कोडची जुडी. कंपन्या आपल्या यंत्रांची भाषा सहसा सांगत नाहीत. यंत्र आणि कंपनीचं सॉफ्टवेअर यांच्यात तारेवरून काय ये-जा होते ते टिपायचं, आकड्यांचा माग काढायचा, कुठला बाइट खोली सांगतो आणि कुठला तापमान, हे ताडून पाहायचं, असं हे चिकाटीचं काम आहे. त्या लायब्ररीमुळे आज सबसरफेस वेगवेगळ्या कंपन्यांची शेकडो यंत्रं वाचू शकतं.

२०१२ साली प्रकल्पाची सूत्रं डर्क होन्डेल यांच्याकडे गेली. ते तेव्हा इंटेलमध्ये होते, लिनक्सच्या वर्तुळातले जुने जाणते आणि डायव्हरही. सुरुवातीला खिडक्या, बटणं, आलेख हे सगळं जीटीके या संचावर बांधलेलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ते क्यूटी या संचावर नेलं. एक कारण व्यवहारी होतं. तोच प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकवरही नीट दिसावा, असं त्यांना हवं होतं. लिनक्सच्या निर्मात्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमला विंडोजवरच्या वापरकर्त्यांची इतकी काळजी, याचं नवल वाटायचं कारण नाही. बोटीवरच्या दहा जणांपैकी लिनक्सवाला एखादाच असतो.

तयार मिळतं ते आधी घ्या

बहुतेक वाचकांना सोर्स कोडला हात लावायची गरज नाही. विंडोजसाठी इन्स्टॉलर, मॅकसाठी डिस्क इमेज, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी मोबाइल आवृत्ती, सगळं तयार मिळतं. डाउनलोड करा, दोन-तीनदा ‘पुढे’ म्हणा, झालं. आयफोनवर एक मर्यादा आहे: तिथे केबलने जोडायची यंत्रं चालत नाहीत, ब्लूटूथ लो एनर्जीवर बोलणारीच चालतात. अँड्रॉइडवर काही केबलवाली यंत्रंही वाचता येतात.

गंमत लिनक्सवर आहे. लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. डेबियन, उबंटू, फेडोरा, आर्च ही त्याची निरनिराळी वितरणं, आणि प्रत्येकात लायब्ररींच्या आवृत्त्या निराळ्या. वितरणांचा दंडक असा की एक लायब्ररी एकदाच ठेवायची आणि सगळ्या प्रोग्रॅमांनी तीच वाटून घ्यायची. सुरक्षेच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, कारण भोक बुजवायचं तर एकाच जागी बुजवता येतं. पण सबसरफेसला लिबडाइव्हकॉम्प्युटरची स्वतःची, थोडी पुढे गेलेली शाखा लागते. कालच बाजारात आलेलं यंत्र दोन वर्षांपूर्वीच्या लायब्ररीला कुठून ओळखता येणार?

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात डेबियनची वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, भरली होती. तिथे टोरवाल्ड्सने ही व्यथा डेबियनवाल्यांसमोरच मांडली. आम्ही विंडोजसाठी आणि मॅकसाठी तयार प्रोग्रॅम देतो, लिनक्ससाठी देत नाही, कारण इतक्या वितरणांसाठी देत बसणं परवडत नाही, असा त्याचा सूर होता. लिनक्सच्या जन्मदात्याला लिनक्सवर आपला प्रोग्रॅम पोचवता येऊ नये, हा टोला बराच गाजला.

त्यावरचा एक तोडगा म्हणजे ॲपइमेज. यात प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या बहुतेक लायब्ररी एकाच फाइलमध्ये बांधलेल्या असतात. ती फाइल उतरवायची, तिच्या गुणधर्मांत जाऊन ‘चालवण्याची परवानगी’ द्यायची आणि दोनदा क्लिक करायचं. इन्स्टॉल करण्याचा प्रश्न नाही. नको झाली की फाइल पुसून टाकायची, मागे फारसा कचरा राहत नाही. सबसरफेसची ॲपइमेज निघाली तेव्हा टोरवाल्ड्सने स्वतः ती वापरून पाहून पसंतीची पावती दिली होती.

मुळापासून बांधायचं तर

मग सोर्सवरून बांधायचं कशाला? कारणं तीन. आपलं नवंकोरं यंत्र ओळखणारी दुरुस्ती कोडमध्ये आली आहे, पण तयार आवृत्तीत अजून नाही. किंवा आपल्या कॉम्प्युटरचा प्रकार असा आहे की त्यासाठी कोणी तयार फाइल देत नाही. किंवा एखादी चूक सापडली आहे आणि ती स्वतः सुधारायची आहे. चौथं कारण कुतूहल, आणि ते एकटंही पुरेसं आहे.

उबंटू असलेला लॅपटॉप धरून चालू. आधी घरच्या फोल्डरात सोर्ससाठी एक रिकामं फोल्डर करायचं. सबसरफेसच्या सूचनांमध्ये त्याला ‘एसआरसी’ म्हटलं आहे. मग हत्यारं गोळा करायची: कोड आणायला गिट, बांधणीचा आराखडा आखायला सीमेक, सी-प्लसप्लसचा कंपायलर, आणि लिबडाइव्हकॉम्प्युटरची बांधणी जुन्या पद्धतीची असल्यामुळे ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल. त्यानंतर क्यूटीची विकासकांसाठीची पॅकेजं आणि इतर लायब्ररींची एक यादी येते. नवखा माणूस ही यादी पाहून दचकतो आणि डोळे मिटून सगळी चिकटवतो. थोडं थांबून वाचली तर या यादीतूनच प्रोग्रॅमची ओळख पटते. लिबएक्सएमएल आहे, कारण नोंदी एक्सएमएल या मजकुरी रूपात वाचल्या-लिहिल्या जातात. लिबएक्सएसएलटी आहे, कारण दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींचं रूपांतर करून त्या आत घेता येतात. एसक्यूलाइट आहे, कारण काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर आपला साठा त्या डेटाबेसमध्ये ठेवतं. लिबयूएसबी आणि ब्लूटूथची लायब्ररी यंत्राशी बोलण्यासाठी. आणि लिबगिट२ कशासाठी, ते पुढे येईल.

आता गिटला सबसरफेसचा कोड क्लोन करण्याची, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरवण्याची, आज्ञा द्यायची. एसआरसीच्या आत ‘सबसरफेस’ फोल्डर तयार होतं. त्यात निव्वळ आजचा कोड नसतो. २०११ पासून कोणी, कधी, कुठली ओळ, कशासाठी बदलली, हा सगळा इतिहास त्यात उतरतो. लिबडाइव्हकॉम्प्युटर सबमॉड्यूल म्हणून जोडलेलं आहे, म्हणजे मुख्य कोडमध्ये त्याच्या ठरावीक आवृत्तीकडे बोट दाखवलेलं असतं. वितरणांशी ज्या मुद्द्यावर खटका उडतो, त्याचं उत्तर इथे आहे.

त्यानंतर ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरातली ‘बिल्ड डॉट एसएच’ ही स्क्रिप्ट चालवायची, तीही सबसरफेसच्या आत न शिरता, बाहेरच्या एसआरसी फोल्डरात उभं राहून. नवखे नेमके इथेच फसतात. स्क्रिप्ट आधी लिबडाइव्हकॉम्प्युटर बांधते आणि ते शेजारच्या ‘इन्स्टॉल-रूट’ फोल्डरात ठेवते, म्हणजे आपल्या सिस्टममधल्या लायब्ररींना धक्का लागत नाही. मग नकाशा दाखवणारा भाग, आणि शेवटी सबसरफेस. पडद्यावर ओळी पळू लागतात, टक्के वाढत जातात, लॅपटॉपचा पंखा आवाज करू लागतो. स्क्रिप्टला पर्याय दिला तर डेस्कटॉपऐवजी मोबाइल आवृत्ती किंवा दोन्ही बांधता येतात.

मध्येच लाल अक्षरात काही आलं तर घाबरायचं नाही. बांधणीतली एक चूक पुढच्या वीस चुका ओढून आणते. म्हणून शेवटची ओळ न वाचता वर सरकत जाऊन पहिली चूक शोधायची. बहुतेक वेळा सीमेकला क्यूटीचा एखादा भाग सापडलेला नसतो आणि त्याचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. ते पॅकेज बसवायचं, स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. सगळं सुरळीत झालं की ‘बिल्ड’ फोल्डरात ‘सबसरफेस’ नावाची फाइल तयार असते. तिथूनच ती चालते.

प्रकल्पातर्फे दिल्या जाणाऱ्या तयार फाइलीही याच कोडवरून, आपोआप चालणाऱ्या बांधणीतून निघतात. विंडोजचा इन्स्टॉलर तर लिनक्सवरच तयार होतो, क्रॉस-कंपाइल पद्धतीने. म्हणजे एका प्रकारच्या कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्यासाठी प्रोग्रॅम बांधायचा.

यंत्र जोडल्यावर

प्रोग्रॅम उघडला, केबल जोडली, कंपनी आणि मॉडेल निवडलं, ‘डाउनलोड’ दाबलं, आणि ‘परवानगी नाही’ असा निरोप आला. लिनक्सवर हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचं उत्तर पाठ असलेलं बरं. अनेक यंत्रांच्या केबलमध्ये यूएसबीला सिरीयल पोर्टचं सोंग घ्यायला लावणारी चिप असते. असा पोर्ट वापरायचा हक्क लिनक्स सगळ्यांना देत नाही, ‘डायलआउट’ नावाच्या गटातल्या सदस्यांनाच देतं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं त्या काळातलं हे नाव. आपलं नाव त्या गटात घालायचं आणि मुख्य म्हणजे एकदा लॉगआउट होऊन परत यायचं. त्याशिवाय नवा हक्क लागू होत नाही. आर्च लिनक्सवर याच गटाचं नाव ‘यूयूसीपी’ आहे.

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती सिंगापूर-मालवण करणाऱ्यांना हमखास येते. सिंगापूरची वेळ भारताच्या अडीच तास पुढे. पाया लेबारच्या घरी लावलेलं यंत्र तसंच घेऊन तारकर्लीला सकाळी दहाला पाण्यात उतरलं, तर नोंद साडेबाराची होते. एका बुडीने काही बिघडत नाही, पण पाण्याखालचे फोटो जोडताना घोळ होतो. सबसरफेस फोटोच्या वेळेवरून तो बुडीच्या आलेखावर नेमका कुठे बसतो ते ठरवतं. कॅमेरा भारतीय वेळेवर आणि यंत्र सिंगापूरच्या, मग दहा-पंधरा मीटरवर काढलेला माशांचा थवा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. यावर इलाज म्हणजे त्या बुड्या निवडून ‘वेळ सरकवा’ हा पर्याय वापरायचा आणि अडीच तास वजा करायचे.

ज्यांच्याकडे यंत्रच नाही, त्यांनीही निराश होऊ नये. बुडी हाताने नोंदवता येते: वेळ, कमाल खोली, जागा नकाशावर, सोबत कोण, काय दिसलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात किंवा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्लीतल्या स्कुबा प्रशिक्षण संस्थेत पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला एवढी नोंदही पुढच्या प्रशिक्षणात उपयोगी पडते.

आकडे काय सांगतात

नोंदी साठत गेल्या की त्यातून माणूस स्वतःला ओळखू लागतो. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. बारा लिटरचा सिलिंडर, सुरुवातीला २०० बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण), शेवटी ६० बार. म्हणजे १४० गुणिले १२, एकूण १,६८० लिटर हवा संपली. बुडी चाळीस मिनिटांची, म्हणजे मिनिटाला ४२ लिटर. सरासरी खोली १२ मीटर, तिथला दाब २.२ बार. ४२ ला २.२ ने भागलं की सुमारे १९ लिटर. हा झाला पृष्ठभागावरचा दर मिनिटाचा हवेचा खर्च, डायव्हर ज्याला सॅक रेट म्हणतात. सबसरफेस हा आकडा प्रत्येक बुडीपुढे मांडतं. पंचवीसचा वीस झाला, तर अंग सैल सोडायला आणि श्वास शांत ठेवायला आपण शिकलो असं समजावं. एकदम वाढला, तर त्या दिवशी प्रवाह जोरात होता, थंडी वाजत होती की भीती वाटत होती, हे टिपणात पाहावं.

प्रोग्रॅममध्ये बुडीचं नियोजन करणारा भागही आहे. तो ब्यूलमान यांच्या सोळा कप्प्यांच्या गणितावर चालतो. व्हीपीएम-बी हा बुडबुड्यांच्या सिद्धांतावरचा दुसरा पर्यायही त्यात आहे. या परिसरात त्याचा उपयोग कोणाला होतो, याचं उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली दोन जहाजं. १० डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी ब्रिटिश नौदलाची ‘रिपल्स’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही जहाजं मलेशियातल्या कुआंतानजवळच्या समुद्रात बुडवली. ‘रिपल्स’ पन्नास मीटरहून अधिक खोल आहे, ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ त्याहूनही खाली. हौशी डायव्हरची मर्यादा चाळीस मीटरची. तिथे फक्त खास प्रशिक्षण घेतलेले टेक्निकल डायव्हर जातात, आणि वर येताना कुठल्या खोलीवर किती मिनिटं थांबायचं हे त्यांना आधीच आखावं लागतं. पण सबसरफेसचा नियोजक प्रशिक्षणाची जागा घेत नाही, तसं तो स्वतःच बजावतो. ज्याला हाताने गणित कळत नाही, त्याने पडद्यावरच्या आकड्यावर जीव सोपवू नये.

सुट्टी काढून आलेल्यांसाठी आणखी एक हिशेब आहे. दुपारी तारकर्लीत शेवटची बुडी मारायची आणि रात्री गोव्याहून सिंगापूरचं विमान पकडायचं, हा बेत धोक्याचा. विमानातल्या हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका खाली येऊ शकतो, आणि शरीरात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेची शिफारस अशी: थांबे न घेता केलेल्या एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस डायव्हिंग झालं असेल तर किमान १८ तास विमानात बसू नये. नोंदीत शेवटच्या बुडीची वेळ बरोबर असणं किती महत्त्वाचं, ते इथे कळतं.

नोंद जिथे राहते

आता लिबगिट२ कडे येऊ. सबसरफेसची नोंद दोन तऱ्हांनी साठवता येते. एक, आपल्या कॉम्प्युटरवर एक्सएमएल फाइल म्हणून. दुसरी, प्रकल्पाच्या क्लाउड सर्व्हरवर, आणि तिथली व्यवस्था गिटची आहे. प्रत्येक बुडी वर्षाच्या, मग महिन्याच्या फोल्डरात साध्या मजकुराच्या रूपात बसते. तिओमानला बोटीवर नेटवर्क नसताना फोनवर नोंद केली, तर ती फोनवरच्या प्रतीत राहते आणि नेटवर्क आलं की सर्व्हरशी जुळवली जाते. लॅपटॉपवर दरम्यान काही बदललं असेल तर दोन्ही बदल एकत्र गुंफले जातात. जगभरचे प्रोग्रॅमर कर्नलच्या कोडसाठी जी पद्धत वापरतात, तीच इथे माशांच्या नावांसाठी आणि तापमानांसाठी वापरलेली आहे. मागची आवृत्ती हवी असेल तर तीही त्यात असते.

साधा मजकूर ही गोष्ट किरकोळ वाटते, पण सगळा फरक तिच्यातच आहे. तीस वर्षांनी सबसरफेस नसलं तरी ती फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल, आणि दुसरा कोणी प्रोग्रॅम ती वाचायला शिकेल. दुसरीकडे जायचं असेल तर यूडीडीएफ या डाइव्ह नोंदींसाठीच्या खुल्या स्वरूपात किंवा स्प्रेडशीटसारख्या सीएसव्हीत सगळं बाहेर काढता येतं. आणि प्रोग्रॅमचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेला असल्याने कोणी तो कुलूपबंद करून पुढे विकू शकत नाही. होन्डेल किंवा टोरवाल्ड्स उद्या बाजूला झाले, तरी तो बांधणारा कोणी तरी कुठे तरी असू शकतो. पाया लेबारच्या परिषदेत जमलेली मंडळी ज्या हक्काबद्दल बोलत होती, तो हक्क हाच.

म्हणून प्रत्येकाने कोड बांधावा असं नाही. तो बांधता येईल अशा रूपात मोकळा असणं पुरेसं आहे, आणि अधूनमधून कोणी तरी तो बांधून पाहणं गरजेचं आहे. पुढच्या सहलीआधी वाचकांनी एवढं करावं: यंत्रातल्या सगळ्या बुड्या उतरवून घ्याव्यात, यंत्राचं घड्याळ तपासावं, नोंदींची एक प्रत खुल्या स्वरूपात कंपनीच्या ॲपबाहेर ठेवावी आणि ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते का ते एकदा पाहावं. उघडली, तर नोंद आपली. नाही उघडली, तर ती अजून कंपनीचीच आहे.